वाकडं दिसलं तर

दार उघडून डॉक्टर आत आले, मी खुर्चीतून उठलो, आणि मला पाहून आधी तेच हसले. ‘अरे, पूल! तुम्ही इथे कुठे?’ म्हणाले, आणि माझं काळीज जे जागचं हललं ते अजून जागेवर आलेलं नाही. बायको एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात मला कोणी पूल म्हणतं हे तिला ठाऊक नव्हतं. बाहेर बाकावर बसलो असताना दारावरची पाटी मी दोनदा वाचली होती, नाव, पदव्या, गळ्याच्या शस्त्रक्रिया, आणि ती वाचून मला काहीही वाटलं नव्हतं, कारण या माणसाचं नाव मला कधी माहीतच नव्हतं. दर रविवारी सकाळी ज्यांच्या खांद्याला खांदा लावून मी एकाच टेबलावर वाकतो, ते आमचे पॅसेंजर. कोपरं विटलेल्या स्वेटरवर रंगाचे डाग, कपाळावर चढवलेलं भिंग, असेच मी त्यांना पाहिलेले. इथे ते कडक इस्त्रीत होते. बायकोच्या मागे उभं राहून त्यांनी दोन्ही हातांची बोटं तिच्या गळ्यावर ठेवली आणि ‘गिळा’ म्हणाले. मी बोटांकडे बघत होतो. बोटं स्थिर होती. पण टेकलेला हात कोणाचाही स्थिर असतो, हे मला माझ्या धंद्यामुळे कळतं. मी वजनकाटे तपासतो. रिकामा काटा नेहमी शहाण्यासारखा शून्यावर उभा असतो. त्याचं खरं रूप बघायचं तर त्याच्यावर वजन टाकावं लागतं. तपासून झाल्यावर ते टेबलाशी बसले, उजवा हात कोटाच्या खिशात गेला, आणि पुढचं सगळं त्यांनी तोंडी सांगितलं आणि शेजारच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. दुसऱ्या कोणाला तो मोठ्या माणसाचा रुबाब वाटला असता. मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते सांगत होते की गाठ साधी आहे, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त त्या ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते, दोऱ्याएवढी बारीक, तिला सांभाळून काम करावं लागतं, बस. मंगळवारी सकाळी करून टाकू. बायको म्हणाली, ‘माझा आवाज गेला तर यांचं फावेल, डॉक्टर.’ ते मोठ्याने हसले. मीही हसलो असेन.

आता मी हे कोणाला सांगावं, आणि काय म्हणून सांगावं. आम्ही म्हातारी होत चाललेली माणसं एका खोलीत जमून छोटी रेल्वे खेळतो, हे मुळात सांगायलाच जीभ अडखळते. खेळतो म्हटलेलं बोगद्यांना आवडत नाही. ते म्हणतात, उभारतो. बोगदे आमचे सगळ्यात ज्येष्ठ. खोली त्यांची, भलंमोठं टेबल त्यांचं, आणि त्या टेबलावरच्या डोंगरांतले सगळे बोगदे त्यांनी कोरलेले. जो जे करतो ते त्याचं नाव. मी पूल बांधतो. झाडवाल्या बाई झाडं करतात, अशी की दोन पानं एकसारखी नसतात. सिग्नल हा आमच्यातला त्यातल्या त्यात तरुण, केस काळे आहेत म्हणून तरुण म्हणायचं. खोलीचे नियम दोनच. पहिला म्हणजे, बाहेर काय उद्योग करता ते बाहेर ठेवायचं, ओल्या छत्रीसारखं. पूर्वी एक सभासद होता, तो विमा विकायचा, आणि बघता बघता सगळ्यांचे विमे उतरले आणि कोणी कोणाशी बोलेनासं झालं, तेव्हापासूनचा हा नियम. मोबाइलसुद्धा बाहेर. दुसरा नियम भिंतीवर लिहिलेला नाही, पण पहिल्यापेक्षा जास्त पाळला जातो. दुसऱ्याचं काही वाकडं दिसलं तर हळूच सरळ करायचं, बोलायचं नाही. ‘तोंडानं माणूस दुखावतो, बोटानं नाही,’ असं बोगदे म्हणतात. कुणाचा तरी सिग्नलचा खांब तिरपा आहे असं कोणीतरी फाडकन म्हणालं आणि तो माणूस परत आलाच नाही, अशी काहीतरी जुनी कथा आहे. मला या नियमात किती बरं वाटायचं. बाहेरच्या जगात माणसं एकमेकांच्या चुका चव्हाट्यावर मांडून त्यावर जगतात, आणि इथे आपण घरी जातो आणि मागे कुणीतरी आपला तिरका कठडा सरळ करून ठेवतं, पुढच्या रविवारी आपल्याला वाटतं, छान जमलाय की आपला कठडा.

पॅसेंजर माणसं करायचे. शेंगदाण्याएवढी माणसं, प्लॅटफॉर्मवर उभी करायला. मी त्यांच्या माणसांसमोर खाली वाकून तासन्‌तास बघत बसलेलो आहे. बाकावर पेंगलेला हमाल, त्याची हनुवटी छातीला लागलेली. निरोप द्यायला आलेली म्हातारी, तिचा एक हात वर उचललेला आणि दुसऱ्या हाताने तोच हात धरलेला, जणू जास्त वर जाऊ नये म्हणून. डोळे, भुवया, बटणं, सगळं एका केसाच्या ब्रशने. मग कधीतरी एका बाईची भुवई कपाळावर गेलेली मला दिसली. ब्रश निसटला असेल. सगळे चहा प्यायला बाहेर गेल्यावर मी ती खरवडली आणि जागेवर काढली. आत कुठेतरी गोडही वाटलं, इतक्या मोठ्या कारागिराचं काम आपल्या हातून सुधारलं म्हणून. मग एक शिपाई तिरका उभा राहिलेला दिसला; पायाखालचा डिंक खरडून मी तो सरळ केला. मग एका मुलीचा लाल स्कार्फ थेट तिच्या हनुवटीवरून फिरला होता. तोही मी पुसला. आता त्या स्कार्फची आठवण झाली की बायकोचा गळा दिसतो. तेव्हा मी इतकंच म्हणालो होतो मनाशी, वय होतंय बिचाऱ्यांचं. बिचारे कोण आहेत, सोमवारी सकाळी ते हातात काय धरतात, हे विचारायचं नव्हतं. नियमच तसा होता. मला अंधुक वाटायचं की ते ग्रंथपाल असावेत. इतका शांत माणूस आणि काय असणार.

घरी मात्र सण असावा तसं वातावरण होतं. बहिणीचा फोन आला, ‘दादा, ओळखीचा डॉक्टर म्हणजे अर्धं ऑपरेशन झालंच म्हणायचं. वहिनीला दे फोन.’ वहिनीने फोन घेतला आणि पॅसेंजरांचं कौतुक सुरू केलं, किती साधे आहेत, आणि गंमत म्हणजे यांना पूल म्हणतात. मी आतल्या खोलीत बसून तिचा आवाज ऐकत होतो. मी तो आवाज तिच्या आधी ओळखतो. अगदी खरं सांगतोय, आधी आवाज, मग ती. मी त्या काळात काट्यांच्या कामावर नवा होतो आणि एका प्रचंड मोठ्या दुकानात तळमजल्यावरचा काटा उघडून बसलो होतो. छतातून एक आवाज आला. लाल स्वेटर घातलेला एक मुलगा चौकशीच्या टेबलापाशी आहे, तो रडत नाही, पण आईने लवकर यावं. ते ‘रडत नाही’ ऐकून मी हातातला स्क्रू पाडला. कुणाच्या डोक्यात येतं हे, की हरवलेलं मूल रडत नाही हे आईला आधी सांगावं. मग महिनाभर मी त्या दुकानातले काटे बिघडत नसतानाही तपासले. ती अजून तिथेच आहे, तोच माइक, तेच ‘लवकर यावं’. मी मात्र तिथवर धंदे बदलत आलो होतो. मिसरूड फुटलं तेव्हा एका फोटो स्टुडिओत होतो, निगेटिव्हवरचे डाग टोकदार पेन्सिलीने बुजवायचो. मुरूम, वण, तिरळेपणासुद्धा थोडासा. मालक म्हणायचा, ‘गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. त्याला वाटलं पाहिजे, आपण दिसतोच असे.’ आणि खरंच माणसं स्वतःचे फोटो बघून ताठ मानेने बाहेर पडायची. पुढे टाइपरायटरच्या दुरुस्तीत गेलो, वाकलेल्या अक्षरांच्या दांड्या सरळ करायचो, आणि लोकांनी टाइप करणं सोडल्यावर काट्यांकडे आलो. म्हणजे जन्मभर मी हेच केलं. दुसऱ्याचं वाकडं, न बोलता, सरळ. पण गिऱ्हाइकाने तो फोटो बघून स्वतःचा चेहरा ओळखणं बंद केलं तर, हा विचार मला कधी शिवला नव्हता. आता त्या स्टुडिओच्या लाल दिव्याचा वास येतोय, दिव्याला वास नसतो हे मला कळतं, तरी येतोय.

मी स्वतःला समजावून पाहिलं. लहान वजनाला चुकणारा काटा मोठ्या वजनाला बरोबर असू शकतो. ब्रश वेगळा, सुरी वेगळी. माणूस आपल्या कामाच्या जागी उभा राहिला की अंगात काहीतरी येतं, पाय दुखणारा वेटर ट्रे उचलला की पळतोच ना. आणि मी कोण? खेळण्यातल्या माणसांच्या भुवयांवरून एका डॉक्टरला आयुष्यातून उठवायचं? फोनपाशी जाऊन दुसरा डॉक्टर मागायची वाक्यं मी जुळवली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पलीकडचा आवाज विचारायचा, का? त्या ‘का’पाशी मी फोन ठेवून द्यायचो, न उचललेला. दुपारी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा एक शर्ट हनुवटीखाली धरून तिने बाह्या मागे दुमडल्या आणि त्या शर्टाच्या वरून मला विचारलं, ‘अहो, तुम्ही इतकी वर्षं त्यांचं काम बघताय ना? कसं आहे हाताचं?’ तिचा गळा त्या शर्टाने झाकला होता. मी म्हणालो, ‘फार बारीक काम करतात.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती म्हणाली, ‘मग झालं तर,’ आणि शर्ट माझ्या मांडीवर ठेवला. मला भीती वाटली, मंगळवारची नाही, स्वतःची. इतकं खरं बोलून इतकं लपवता येतं हे मला कुठे शिकवलं होतं? सगळीकडेच.

रविवारी मी लवकर निघालो. रस्ता रिकामा होता, दुकानांची दारं अर्धी वर गेलेली, एक बाई पायरीवर पाणी टाकत होती आणि ते पाणी माझ्या बुटांपर्यंत आलं तरी मी बाजूला झालो नाही. खोलीत बोगदे, झाडवाल्या बाई आणि सिग्नल आधीच आले होते. पॅसेंजर यायचे होते. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं, रुळांवर, माझ्या पुलांवर, प्लॅटफॉर्मवर. मी छत्री आत आणली. म्हणजे नियम मोडला. म्हणालो, ‘मला पॅसेंजरांबद्दल विचारायचंय. त्यांची माणसं तुम्ही कधी सरळ केलीयत?’

झाडवाल्या बाई म्हणाल्या, ‘मी टोप्या करते त्यांच्या. रंग बाहेर आलेला असतो. येताना आधी तेवढं उरकते, तुम्ही यायच्या आत.’

सिग्नल म्हणाला, ‘पाय माझ्याकडे. चिकटतच नाहीत त्यांचे पाय. मी वायरिंगच्या निमित्तानं वाकतो ना, तेव्हा लावतो. मला वाटलं, मी एकटाच.’

बोगद्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘मी अर्धी काढूनच टाकतो,’ ते म्हणाले. ‘जी दाखवण्यासारखी नसतात ती बोगद्यात ठेवतो.’ आणि त्यांनी डोंगराचं झाकण उचललं. आत, अंधारात, माणसांचा ढीग पडला होता. मी एक उचललं. त्याला चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी रंगाचे नुसते ओरखडे होते. मी खाली बसलो. मी वर्षभर जे पाहत होतो आणि जे पाहून घाबरलो होतो, ते तिघांनी आवरून झाल्यावर उरलेलं होतं. काट्याची चूक मी मोजत होतो, आणि त्या काट्याखाली तिघांनी आधीच कागदाच्या घड्या सरकवल्या होत्या.

‘ते सर्जन आहेत,’ मी म्हणालो. ‘गळ्याचे. मंगळवारी माझ्या बायकोचं ऑपरेशन आहे.’

बाईंनी हातातलं झाड खाली ठेवलं. सिग्नल म्हणाला, ‘मला वाटायचं पोस्टात असतील.’ आणि मग, कशामुळे कोण जाणे, एकदा दार उघडलं म्हणून असेल, सगळे बोलायला लागले. बाई दातांच्या कारखान्यात कवळ्या घडवत. नजर मंदावली तेव्हा त्यांच्या हाताखालच्या मुली महिनोन्‌महिने त्यांनी घडवलेले दात घासून नीट करत होत्या, आणि हे त्यांना निरोपाच्या दिवशी कळलं. ‘फुलं दिली आणि सांगितलं,’ त्या म्हणाल्या. ‘आधी सांगितलं असतं तर फुलं नको होती मला.’ सिग्नल आधी वेटर होता, मग सिनेमाच्या दारावर, आता लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकतो, दिवसभर. बोगदे चाळीस मजली इमारतींवर क्रेन चालवायचे. उभं आयुष्य ढगात एकटे. ‘खाली उतरलो तेव्हा ठरवलं, आता जमिनीच्या पोटात,’ ते म्हणाले आणि स्वतःच कसंनुसं हसले. इतकी वर्षं शेजारी वाकून मला यातलं काही माहीत नव्हतं. खरं तर ही ओळख व्हायला छान सकाळ होती. मी दाराकडे बघत होतो.

पॅसेंजर आले, बरोबर पत्र्याची डबी, कापसात गुंडाळलेली नवी माणसं. ‘पूल, मिसेस कशा आहेत?’ असं विचारत त्यांनी भिंग कपाळावरून डोळ्यांवर ओढलं. चिमट्याने एक माणूस उचललं. उन्हात त्या चिमट्याचं हलतं टोक मला स्पष्ट दिसलं. त्यांनी माणूस प्लॅटफॉर्मवर ठेवलं, ते पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं, आणि पडताना शेजारच्या म्हातारीला घेऊन पडलं. सिग्नलचा हात पुढे गेला. बाईंनी तो धरला. आम्ही चौघंही हात मागे बांधून उभे राहिलो. इतकं साधं होतं ते, हात मागे बांधून उभं राहणं, आणि मला वाटलं आपण कुणालातरी बुडताना बघतोय. पॅसेंजरांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. मग भिंग वर केलं आणि आमच्याकडे पाहिलं. ‘काय झालं?’ त्यांनी विचारलं. ‘डिंक जुना आहे का?’

बायको दुकानात काय म्हणाली असती ते मला आठवलं. आधी धीराचं सांगायचं, मग खरं. पण धीराचं काही सापडेना. ‘डिंक चांगला आहे,’ मी म्हणालो. ‘गेलं वर्षभर तुमची माणसं आम्ही सरळ करतोय. सगळेच. तुमचा हात हलतो.’

ते हसले. मग बोगद्यांकडे पाहिलं, बोगद्यांनी मान खाली घातली. डोंगराचं झाकण उघडंच होतं. पॅसेंजर तिकडे गेले, आत वाकून बराच वेळ बघत राहिले, आणि पाठमोरेच म्हणाले, ‘हे इथलं झालं. इथं गंमत म्हणून करतो, लक्ष नसतं. तिथं तसं नाही. टेबलापाशी उभा राहिलो की हात हलत नाही माझा, कधीच नाही. काही झालेलं नाही आजपर्यंत. मदतीला दोघं असतात, हुशार पोरं आहेत, मला काही सांगावं लागत नाही, आपलं आपण सगळं नीट करून घेतात. एक शब्द बोलत—’

ते तिथे थांबले. ऊन त्यांच्या पाठीवर होतं आणि स्वेटरचं कोपर विटलेलं दिसत होतं. मला त्या दोघा हुशार पोरांचे मास्क लावलेले चेहरे दिसले, वाकलेले, सभ्य, तोंडाला कुलूप लावलेले. त्यांच्या खोलीतही भिंतीवर न लिहिलेला तोच नियम असणार. ते माझ्या बायकोच्या गळ्यावर वाकले होते.

पॅसेंजर वळले. ‘मिसेसना कामाला आवाज लागतो का हो?’ त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं ती काय करते. दुकान, माइक, रडत नसलेला मुलगा. ते ऐकत होते आणि उजवा हात डाव्या हाताने धरून होते, त्यांच्याच त्या म्हातारीसारखा. मग म्हणाले, ‘आमच्या विभागाच्या मुख्य डॉक्टरीणबाई आहेत, मंगळवारी त्या करतील. त्यांचा हात चांगला आहे. मी आत्ताच सांगतो. आणि माझंही सांगतो.’ मोबाइल बाहेर गाडीत होता. बोगद्यांच्या भिंतीवर जुना बटणांचा फोन आहे, पॅसेंजर त्याच्यापर्यंत गेले, बोट उचललं, आणि तसंच धरून उभे राहिले. ‘पूल,’ ते म्हणाले, ‘तुम्ही लावा. मी आकडे सांगतो.’

मी रिसीव्हर घेतला. ते एकेक आकडा सांगत होते, मी दाबत होतो, आणि माझा स्वतःचा हात असा कापत होता की बटणं जागेवर राहीनात. बायकोच्या हनुवटीखाली धरलेला तो शर्ट मला दिसत होता. मी शेवटचं बटण दाबलं.

‘चुकलं,’ पॅसेंजर म्हणाले. ‘सात नाही, आठ.’

त्या खोलीत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी फोन खाली ठेवला, परत उचलला, आणि पहिल्यापासून आकडे लावायला लागलो.